नव्या घराची मोरी तुंबते आणि बोट सुनेकडे

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी लिहिलं आहे. आयुष्यभराच्या पुंजीतून त्यांनी गावाबाहेरच्या प्लॉटवर घर बांधलं. जमीन काळी, म्हणून जोतं चांगलं ४ फूट उचलून घेतलं आणि आत मुरमाचा भराव केला. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली. पावसाळाभर काही त्रास नव्हता. गौरी-गणपतीनंतर आठ-दहा दिवसांनी स्वयंपाकघरातलं सिंक पहिल्यांदा तुंबलं. मग दसऱ्याच्या सुमारास, मग दिवाळीत, आणि थंडी पडल्यापासून दर तीन आठवड्यांनी. आतापर्यंत ६ वेळा. वॉशिंग मशिनचं पाणी सुटलं की शेजारच्या मोरीच्या जाळीतून फेस वर येतो आणि सिंकमध्ये गुडगुड वाजतं. संडास-बाथरूमची लाइन वेगळी आहे, तिची तक्रार नाही. प्लंबर येतो, स्प्रिंग मारतो, ५०० रुपये घेतो आणि जाताना म्हणतो, "खरकटं जातंय, बायकांना सांगा." तेवढ्यावरून घरात ठिणगी पडली. सून नोकरी करते, घाईत भांडी विसळते, तेव्हा सगळं तिच्यामुळेच, असं सासूबाईंचं म्हणणं. महिनाभर झाला, सून एक शब्द न बोलता अंगणातल्या नळावर भांडी घासते आहे. मुलाने आईशी अबोला धरलाय. घर बांधणारा कंत्राटदार गुरुजींचा मामेभाऊ, त्याचे ६० हजार द्यायचे बाकी आहेत. गुरुजी विचारतात: सुनेला न दुखावता कसं समजवावं? पत्नी म्हणते तसं महिन्यातून एकदा अॅसिड ओतावं का? की सरळ फरशी फोडावी? पत्रात जाता जाता एक ओळ अशीही आहे: नव्या घरातला पहिला गणपती शाडूचा आणला आणि विसर्जनही घरीच बादलीत केलं, फार समाधान वाटलं.

नमस्कार गुरुजी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते सासू-सुनेचं वाटलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं, सणांच्या नावांखाली रेघा मारल्या, तेव्हा ते पाइपाचं झालं. म्हणून "सुनेला कसं समजवावं" याचं उत्तर मी देणार नाही. त्या प्रश्नात निकाल आधीच लागून गेलाय, तो गोड शब्दांत कसा ऐकवायचा एवढंच तुम्ही विचारताय. वर्गातले खडू हरवले म्हणून झडती न घेता एखाद्या पोराला तुम्ही बाकावर उभं केलं असतंत का?

निकाल लागला तो प्लंबरच्या एका वाक्यावर. तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. स्प्रिंगच्या टोकाला भाताची शितं, चहाचा चोथा आणि पांढरट चिकट गोळा येतो. त्याला दिसतं ते तो सांगतो. पण स्वयंपाकघराच्या पाइपातून स्वयंपाकघरातलंच निघणार, दुसरं काय निघेल? विचारायचं ते हे, की पुढे वाहून जायचं सोडून ते तिथेच का थांबलं. चार शितं प्रत्येक घराच्या सिंकमधून जातात. तुमच्या जुन्या घरातल्या मोरीतही जात असणार. ती दर तीन आठवड्यांनी तुंबत होती का?

यावर तुम्ही म्हणाल, तिथले पाइप जुने, इथले कोरे करकरीत, तेव्हा दोष वापरणाऱ्याचाच. इथे बहुतेकांची गल्लत होते. जुन्या घराच्या लाइनने पंचवीस पावसाळे काढलेले असतात, तिच्यात काही खोट असती तर ती कधीच उघडी पडली असती. नव्या घराची लाइन अजून परीक्षेलाच बसलेली नाही. पहिलं वर्ष हीच तिची परीक्षा. आणि मी बांधकामाच्या साइटवर काढलेल्या वर्षांवरून सांगते, त्या परीक्षेत नापास होणाऱ्या लाइनी कमी नसतात.

नव्या घरात तुंबण्याची कारणं साधारण वेळेवरून ओळखू येतात. टाइल्स बसवणारे घमेली, थापी आणि स्वतःचे हात कुठे धुतात ते मी रोज पाहिलंय: जवळच्या नाहणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखाली पाणी धरून ठेवणाऱ्या वाटीत. टाइल्सच्या फटी भरतात त्या ग्राउटचं पाणी तिथेच, व्हाइट सिमेंट तिथेच, कोटा किंवा मार्बलला मशिनने पॉलिश मारतात त्याची रबडीही तिथेच. सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं हे गवंड्याला चांगलं ठाऊक असतं, पण हात धुताना कोण आठवतो? ट्रॅपच्या तळाशी त्याचा दगड होतो. असा दगड असेल तर राहायला गेल्यावर महिना-दोन महिन्यांतच पाणी अडखळायला लागतं. तुमच्याकडे वास्तुशांतीच्या पंगतीची भांडी त्याच मोरीत निघाली असणार आणि काही झालं नाही. त्यामुळे सिमेंट अगदीच नसेल असं नाही, पण मुख्य आरोपी ते नसावं. सवयीमुळे तुंबतं ते सहसा सावकाश, पाइपाच्या आतल्या बाजूने थर चढत चढत. चार महिने ठणठणीत वाहिलेली लाइन सवयीमुळे एकदम बसत नाही.

तुमच्या पत्रातला मोठा पुरावा म्हणजे मध्ये गेलेला पावसाळा. ४ फुटांचं जोतं म्हणजे आत भरपूर मुरूम. तो अर्धा-पाऊण फुटाच्या थरांनी टाकून, पाणी मारून, धुमस करत भरायचा असतो. घाईच्या कामात तो ट्रॉलीने एकदम ओततात, वर पाणी सोडतात आणि "बसेल आपोआप" म्हणतात. बसतो खरा, पण तुम्ही राहायला गेल्यावर. त्यात खाली काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. तुमची सिंक-मोरीची लाइन त्याच भरावातून बाहेरच्या चेंबरपर्यंत गेलेली असणार. तिचं एक टोक फरशीत ट्रॅपला आवळलेलं, दुसरं चेंबरच्या भिंतीत पक्कं. मधला मुरूम खाली गेला की पाइपही मधेच खाली जातो. आम्ही म्हणायचो, लाइनला पोट सुटलं.

पोट सुटलेल्या पाइपात दोन-चार तांबे पाणी कायम साचून राहतं. साचलेल्या पाण्यावर तेल-तूप तरंगतं, तळाशी जड ते बसतं. आणि पावसाळा सरता सरता त्या पोटात काय गेलं असेल? गुरुजी, रागावू नका, पण विसर्जनाची ती बादली शेवटी कुठे रिकामी केलीत? वरचं पाणी झाडांना आणि तळाचा गाळ मोरीत, असं पुष्कळ घरांत होतं. फूटभर उंचीच्या शाडूच्या मूर्तीतही काही किलो माती असते आणि ती मैद्यासारखी बारीक असते. तुम्ही सगळी बादली बागेतच ओतली असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. मोरीत गेली असेल, तर पहिल्या तुंबण्याची तारीख तुमच्या समाधानाशी जुळते आहे. अर्थात हे वाचून घरच्यांनी लगेच बोट तुमच्याकडे वळवू नये, कारण पाइपाचा ढाळ, म्हणजे उतार, नीट असता तर तो गाळ दोन बादल्या पाण्यासरशी बाहेर पडला असता.

मग दिवाळीचं तळण झालं. मग थंडी. पौषात डब्यातलं तूप थिजतं, तसं पाइपातलंही थिजतं. आधी सणांच्या सुमारास होणारं तुंबणं थंडीत दर तीन आठवड्यांचं ठरलेलं झालं ते म्हणून. तुमची सून थंडीत जास्त निष्काळजी होत नसावी.

आता त्या गुडगुडीबद्दल. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते. ड्रेनेजच्या पाइपालाही वाहायला मागून हवा लागते, त्यासाठी लाइनवर एक पाइप गच्चीच्या वर नेऊन उघडा ठेवतात. संडासाच्या लाइनला असा पाइप बहुतेक ठेवतात, स्वयंपाकघराच्या लाइनला सर्रास वगळतात. गच्चीवर जाऊन किती पाइप वर आलेत ते मोजा. दुसरं, सिंकखाली बॉटल ट्रॅप, पुढे मोरीत नाहणी ट्रॅप, त्याच्या पुढे बाहेर गली ट्रॅप, असे तीन-तीन ट्रॅप एकाच वाटेवर बसवलेले मी पाहिलेत. ट्रॅपमधलं दोन इंचांचं पाणी वास अडवतं, म्हणून ट्रॅप हवाच. पण दोन ट्रॅपच्या मध्ये हवा कोंडली की पाणी पुढे जायला कुरकुरतं. आणि सिंकखालचा तो घड्या-घड्यांचा लवचिक पाइप खाली लोंबत असेल तर तिथेही एक छोटं पोट तयार होतं. तो साधा, आतून गुळगुळीत पाइप लावून बदलणं हे पाऊण तासाचं काम आहे, ते कशाचीही वाट न पाहता करून टाका.

हे सगळं मी पत्रावरून बोलते आहे, आणि पत्रावरून केलेलं निदान चुकू शकतं. म्हणून फरशीला हात लावण्याआधी थोडी तपासणी करा. यातलं बहुतेक तुम्ही स्वतः करू शकाल, प्लंबर फक्त एकदा लागेल.

पुढच्या वेळी तुंबलं की आधी प्लंबरला फोन करू नका. बाहेर जा आणि त्या लाइनचं पहिलं चेंबर उघडा. आत सिंक भरलेलं आणि चेंबर कोरडं, तर अडथळा घर आणि चेंबरच्या मध्ये आहे. चेंबरही काठोकाठ भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे, पुढच्या लाइनीत किंवा शोषखड्ड्यात. काळ्या मातीतला शोषखड्डा पाणी फार हळू पितो, वर तेलकट पाण्याचा थर बसला की पिणं जवळजवळ बंद. तसं निघालं तर घरातल्या पाइपाबद्दल मी जे लिहिलं ते सगळं बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की मशिनचं पाणी मोरीतून वर येतं. म्हणजे अडथळा सिंक आणि मोरी जिथे एकत्र होतात त्याच्या पुढेच आहे, सिंकखालच्या ट्रॅपमध्ये नाही, एवढं मात्र आत्ताच सांगता येतं. झाकण उघडल्यावर तोंड जरा लांब ठेवा, आणि चेंबर कितीही खोल असो, आत कुणाला उतरवू नका. सेप्टिक टँकचं तर नावच नको. तिथला वायू माणसाला हाक मारायचीही उसंत देत नाही, आणि संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवून ते साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी टँकरच बोलवायचा.

मग प्लंबर. त्याने स्प्रिंग आत घातली आणि ती अडली, की त्याच जागी स्प्रिंगवर चिकटपट्टी गुंडाळायला सांगा. बाहेर काढल्यावर टेपने मोजा आणि तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहा. इतकी वर्षं हजेरी मांडलीत, हे तुम्हाला जड नाही. पुढच्या खेपेला पुन्हा मोजा. दोन्ही वेळा ११-१२ फूट आलं तर गोष्ट मिटली. सवयीला पाइपातली ठरावीक जागा नसते, पोटाला असते, उलट्या ढाळाला असते, आत राहिलेल्या सिमेंटच्या गोळ्याला असते. आकडा दर वेळी वेगळा आला, एकदा ५, एकदा १५, तर मात्र आत सगळीकडे तेलाचा थर आहे आणि मला माझं म्हणणं मागे घ्यावं लागेल. ६ वेळा स्प्रिंग मारून झाली आणि एकदाही कुणी मोजलं नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. ३,००० रुपये त्यात गेले.

आणखी एक घरगुती चाचणी. रात्रभर सिंक-मोरी वापरू नका. सकाळी एक जण चेंबरपाशी उभा राहू दे, दुसऱ्याने मोरीत बादलीभर हळदीचं पाणी सावकाश ओतावं. लाइन चांगली असेल तर ट्रॅपमधलं लिटर-दीड लिटर जुनं पाणी आधी येईल आणि पाठोपाठ पिवळी धार लागेल. पिवळं दिसायच्या आधी बराच वेळ काळपट, घाण वासाचं पाणीच ढकलत आलं, तर मध्ये कुठेतरी ते साचून होतं. याने शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण चांगला अंदाज येतो. दोन चेंबरांमधली सरळ लाइन बघायची तर जुनी युक्ती अशी: एका चेंबरात बॅटरी धरायची, दुसऱ्यात आरसा. आरशात पौर्णिमेचा चंद्र दिसला तर पाइप सरळ. चंद्रकोर दिसली तर मध्ये वाकलाय किंवा भरलाय.

ढाळही मोजून घ्या. आपल्याकडचे जुने मिस्त्री फुटाला दोन सूत म्हणतात, म्हणजे पाव इंच. पुस्तकातला ठोकताळा ४ इंची पाइपाला ४० फुटांत १ फूट आणि ६ इंचीला ६० फुटांत १ फूट असा आहे. मोरीपासून चेंबर समजा २२ फुटांवर असेल, तर दोन सुतांच्या हिशोबाने दोन्ही टोकांत किमान साडेपाच इंचांचा फरक हवा. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी लावली की तो कळतो. टोकांना फरक नीट निघाला तरी मधे पोट असू शकतं, हे मात्र लक्षात ठेवा. सातारा-कराडसारख्या ठिकाणी आता पाइपात कॅमेरा सोडून पाहणारे मिळतात का ते विचारा. मिळाले तर बाकीच्या सगळ्या चाचण्यांपेक्षा ते बरं.

आणि हो, मुलाचा मोबाइल. जोत्याच्या कामाच्या महिन्यांतले फोटो काढून बघा. कुणीतरी सहज काढलेल्या एखाद्या फोटोत चर दिसेल, पाइप दिसेल, तो खाली काँक्रीटवर बसवलाय की नुसत्या मुरमावर टाकलाय तेही दिसेल. काटकोनी बेंड किती आणि कुठे आहेत तेही मोजता येतील. ज्यांची घरं आत्ता बांधून होताहेत, त्यांनी कोबा पडायच्या आदल्या दिवशी, फूटपट्टी शेजारी ठेवून, प्रत्येक लाइनचे फोटो काढून ठेवावेत. फुकट काम आहे, आणि पुढे ते नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

अॅसिडबद्दल वहिनींना माझं नाव सांगून नाही म्हणा. अॅसिड तेलाला फारसं काही करत नाही. ते फरशी खातं, जाळीची चकाकी खातं आणि कोंदट मोरीत डोळे-छाती जाळतं. त्यावर कुणी सफाईचं ब्लीचिंग ओतलं तर क्लोरीन वायू निघतो, घरात माणसं दगावण्याइतका. बाजारात मिळते ती दाणेदार ड्रेन पावडर बहुधा कॉस्टिक सोड्याची असते. ती चरबी आणि केस विरघळवते हे खरं, पण साचलेल्या पाण्यात ती प्रचंड तापते, आणि पोटाच्या जागी अर्धवट विरघळलेली चरबी साबणाच्या वडीसारखी घट्ट बसलेली मी पाहिली आहे. ओतलीच असेल तर नंतर येणाऱ्या प्लंबरला आधी सांगा, स्प्रिंग ओढताना त्याच्या तोंडावर तेच पाणी उडतं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस दिसायला छान दिसतो, पण दोघं एकमेकांनाच संपवतात आणि पाइपात उरतं जवळजवळ पाणी. चुलीवरून उतरवलेलं खळखळतं पाणी पीव्हीसीला सोसत नाही. हाताला चटका बसणार नाही इतकं कढत पाणी, भांड्यांच्या साबणाबरोबर, आठवड्यातून एकदा बादलीभर ओतलं तर बरं, पण तोही तात्पुरता उपाय.

फरशी फोडायची का? माझं मत, नाही. निदान आधी नाही. पोट सापडलं तरी नव्या टाइल्स, कोबा, ओटा उखडून जुन्या वाटेनेच पाइप टाकला तर तो पुन्हा त्याच भरावावर बसेल, आणि तुमचा भराव अजून एखादा पावसाळा तरी बसत राहील. तुमचं सिंक बाहेरच्या भिंतीला असेल, आणि बहुतेक घरांत ते तसंच असतं, तर भिंतीला कोअर मशिनने भोक पाडून सिंकचा पाइप सरळ बाहेर काढा. बाहेरून भिंतीला क्लॅम्प मारून, उघड्यावर, डोळ्यांना दिसेल अशा ढाळात तो खाली आणा. खाली तेल अडवणारं एक छोटं चेंबर करा, त्यात तेल वर साचतं, महिन्यातून एकदा काढून पुरून टाकायचं. वळणांवर साधे बेंड न घालता डोअर बेंड घाला, म्हणजे झाकण उघडून हात घालता येतो. दिसायला थोडं खटकेल. रंग द्या, किंवा समोर कढीपत्ता लावा. मोरी आणि मशिन जुन्या लाइनवर राहतील, पण त्यातलं तेल-खरकटं गेल्यामुळे ती लाइन निभावून नेईल अशी शक्यता चांगली आहे. त्याआधी एकदा प्रेशरच्या पाण्याने आतला शाडू आणि चरबी धुऊन काढावी लागेल. स्प्रिंग फक्त भोक पाडते, पाइप साफ करत नाही.

आता मामेभाऊ आणि ते ६० हजार. पत्रात याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला वाटतं सगळ्यात जड गोष्ट तीच आहे. भावाला काही सुनावता येत नाही आणि सून मात्र ऐकून घेते, म्हणून तर बोट तिकडे गेलं नाही ना? विचारून बघा स्वतःला, मला उत्तर नको. भावाला फोनवर "काम कसलं केलंस" म्हणू नका. कॅलेंडरवरचे आकडे झाले की त्याला जेवायला बोलवा, जेवणानंतर मशिन सुरू करा आणि मोरीतून फेस वर येताना तो स्वतः पाहू दे. मग विचारा, "ही लाइन कुठून कशी नेली, काढून दाखव." कंत्राटदाराला दोष दाखवला की तो वाद घालतो, नकाशा काढायला बसवलं की तो मिस्त्री होतो. बाहेरच्या लाइनचा खर्च त्याने करावा हे रास्त आहे. ६० हजार गुपचूप अडवून ठेवू नका. हे काम झालं, पुढचा पावसाळा गेला, की उरलेले देईन, असं कागदावर दोन ओळींत लिहा आणि दोघांनी सही करा. नातं अशा कागदाने तुटत नाही, "बघू, देऊ" ने तुटतं. अगदीच हात वर केले त्याने, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे आणि तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तुम्ही तिथवर जाणार नाही हे मला दिसतंय, तरी माहीत असू द्या.

नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी थोडं. तुमची गोष्ट निराळी आहे, कारण पाइप तुमच्या एकट्याचा नाही. तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर राहत असाल आणि तुमच्याकडे कुणी नळ सोडलेला नसताना जाळीतून पाणी वर येत असेल, तर ते वरच्यांचं पाणी आहे. उभी लाइन जिथे वळून आडवी होते तिथे अडथळा असणार. सर्वांत खालच्या घराची लाइन वेगळी चेंबरपर्यंत नेलेली आहे का ते सोसायटीला पाहायला सांगा. आणि बिल्डरला लेखी कळवा. घर घेणाऱ्यांसाठी असलेल्या २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा, कामाच्या दर्जाचा किंवा सेवांचा दोष दाखवून दिला, तर तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तोंडी सांगितलेलं वॉचमनच्या वहीपर्यंतही पोचत नाही. तारीख घातलेला ईमेल पाठवा, सोबत मोबाइलवरचा व्हिडिओ.

सवयींबद्दल लिहायला नको म्हणत होते, कारण वहिनी एवढाच परिच्छेद वाचून दाखवतील. पण लिहिते, आणि घरातल्या सगळ्यांसाठी लिहिते. सिंकला बारीक जाळीची वाटी बसवा. तळणाचं उरलेलं तेल, कढईचा तळ, लोण्याचं भांडं कागदाने पुसून मगच पाण्याखाली. चहाचा चोथा तुळशीला किंवा कुंड्यांना. दारातली रांगोळी ही दगडाची पूड असते, ती झाडून कचऱ्यात टाकायची, मोरीत धुऊन टाकायची नाही. देवघरातली राख, अक्षता, गंधाचं सहाणेवरचं पाणी झाडात घाला. आणि पुढच्या वर्षी शाडूची माती बादलीच्या तळाशी बसू द्या, वरचं पाणी ओता, माती वाळवून ठेवा. नातवंडं येतील तेव्हा त्याच मातीचा गणपती पुन्हा करता येतो.

सुनेला समजवायचं राहिलं. समजवू नका. आज संध्याकाळी ती भांडी घेऊन अंगणात निघाली की तिला म्हणा, "थांब, थंडी आहे, आतच घास. तुंबलं तर मला मोजायचंच आहे." कारण विचारलं तर हे पत्र वाचायला द्या. वहिनींना त्याच वेळी तिथे असू द्या, वेगळं काही सांगायला लागणार नाही. मुलाला चेंबरचं झाकण उचलायला बोलवा, ते एकट्याला उचलत नाही.

आणि स्प्रिंगवरची पट्टी किती फुटांवर आली, ते मला कळवा.